पातळी कुठली? आयर्विनची की कोयनेची?

पत्र:

ताई, आम्ही पाच जण दर रविवारी विश्रामबागला एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकत, आपापलं पात्र वठवत गोष्ट पुढं न्यायचा खेळ) खेळतो. आम्हा पाचांना खेळवणारा डीएम वेगळा, तो माझा मावसभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. नियमांचं पुस्तक वर्गणी काढून घेतलंय, २०१४ चं. माझं पात्र फायटर, म्हणजे लढवय्या, ते चौथ्या लेव्हलला होतं. मागच्या महिन्यात ६,५०० एक्सपी (अनुभवाचे गुण) पुरे झाले आणि पाचवी लेव्हल मी विझार्डची, म्हणजे जादूगाराची, घेतली. तिथंच बिनसलं. पुस्तकात छापलंय की पाचव्या लेव्हलला फायटरला एक्स्ट्रा अटॅक (एका पाळीत दुसरा वार) मिळतो. दादा म्हणतो, नाही. पाचव्या लेव्हलच्या विझार्डला फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा मंत्र) टाकता येतो. त्यावर दादा हसला, तेही सगळ्यांदेखत. क्लासच्या (पात्राच्या पेशाच्या) पहिल्या लेव्हलला हिट पॉइंट (जीव किती त्याचा आकडा) पूर्ण मिळतात म्हणून मी सहा मागितले, तर त्यानं फासा टाकायला लावला आणि एक पडला. वर आमचा तासगावचा गडी चार रविवार फिरकला नाही, तरी त्याला आमच्याएवढेच एक्सपी! काही बोललं की 'डीएमचा शब्द शेवटचा'. गेले दोन रविवार मी गेलोच नाही. नियम माझ्या बाजूनं आहेत ना? पात्राचे आकडे लिहायच्या शीटचा फोटो जोडलाय. दादाला दाखवायचंय तुमचं उत्तर.

– अडकलेला फायटर, विश्रामबाग


अडकलेल्या फायटरा,

निकाल आधीच सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. एक्स्ट्रा अटॅक, फायरबॉल आणि तासगावचा गडी, या तिन्ही बाबतींत दादा बरोबर आहे. हिट पॉइंटांच्या बाबतीत तुम्ही दोघंही चुकलात. आणि तू पाठवलेल्या फोटोत मला दोन चुका अशा सापडल्या, ज्यांवर तुम्ही भांडलाच नाहीत. दोन्ही तुझ्या नुकसानीच्या. म्हणजे जे तुझं नव्हतं त्यासाठी तू दोन रविवार घरी बसलास, आणि जे हक्काचं होतं ते मागितलंच नाहीस.

मी साताऱ्याची. आमच्याकडे पावसाळ्यात कुणी 'किती झालं?' म्हणून विचारलं की उत्तर टीएमसीत येतं, कारण प्रश्न कोयनेचा असतो आणि धरण १०५ टीएमसीचं आहे. तुमच्याकडे तोच प्रश्न आयर्विन पुलाखालच्या पाण्याचा असतो आणि उत्तर येतं फुटांत. ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. पाऊस तोच, पाणीही तेच, आमच्याकडून सुटून तुमच्याकडे येणारं. पण 'कोयना नव्वदवर गेली' एवढं ऐकून सांगलीत कुणी गाद्या माळ्यावर चढवायला लागत नाही. हे नव्वद कशातले, ते त्याला माहीत असतं. (आलमट्टीचं नाव मी मुद्दाम काढत नाही. काढलं तर हे सदर फाशांचं राहणार नाही.)

तुमच्या गच्चीवरच्या भांडणात नेमकं एवढंच राहून गेलंय. या खेळात 'लेव्हल' हा एकच शब्द निदान तीन गोष्टींसाठी वापरतात. पात्राची एकूण लेव्हल, एखाद्या क्लासमधली लेव्हल आणि स्पेलची, म्हणजे मंत्राची, लेव्हल. जुन्या खेळात भुयाराच्या मजल्यालाही लेव्हलच म्हणायचे आणि राक्षसांनाही लेव्हल असायची. हा घोळ खेळ तयार करणाऱ्यांनाही ठाऊक होता. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ सालचा. पुढं १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकात गायगॅक्सनं लिहून ठेवलंय, की पात्रासाठी 'रँक', स्पेलसाठी 'पॉवर' आणि राक्षसासाठी 'ऑर्डर' असे वेगळे शब्द वापरायचा विचार होता. पण तोवर सगळ्यांच्या तोंडी लेव्हल बसली होती, म्हणून तीच ठेवली. त्याचं फळ तू आज विश्रामबागेत भोगतोयस.

तुझ्या पात्राची एकूण लेव्हल पाच आहे. त्यातल्या फायटरच्या चार, विझार्डची एक. एसटीत चार वर्षं कंडक्टर आणि एक वर्ष ड्रायव्हर असलेल्या माणसाची नोकरी पाच वर्षांची धरतात, पण म्हणून त्यानं पाच वर्षं गाडी चालवली असं कुणी म्हणत नाही. फायटरच्या प्रकरणातला तक्ता फायटर म्हणून काढलेल्या लेव्हली मोजतो, विझार्डचा तक्ता विझार्डच्या. तू दोन्ही तक्त्यांत पाचवी ओळ वाचलीस. तुझी ओळ एकीकडे चौथी आहे आणि दुसरीकडे पहिली.

म्हणून एक्स्ट्रा अटॅक नाही. पुढची लेव्हल फायटरची घेतलीस तर तेव्हा मिळेल, आणि ती तुझी एकूण सहावी असेल, म्हणजे १४,००० एक्सपीला. इथं अजून एक खड्डा आहे, तो आत्ताच दाखवून ठेवते. 'विझार्डची दुसरी लेव्हल तर ३०० एक्सपीलाच येते, मग माझी उद्याच' असं म्हणत दादाकडे जाऊ नकोस. एक्सपीचा तक्ता एकूण लेव्हलचा असतो. पुढची कुठलीही घे, १४,०००च लागणार.

फायरबॉलचं तर दोन ओळींत संपतं. तो तिसऱ्या लेव्हलचा स्पेल, तो टाकायला विझार्डची पाचवी लेव्हल लागते आणि तुझी पहिली आहे. तुझ्याकडे आज पहिल्या लेव्हलचे दोन स्लॉट (मंत्र टाकायच्या खेपा) आहेत. दादा हसला ते मात्र चूक. नवख्या माणसाला स्पेलची लेव्हल आणि क्लासची लेव्हल एकच वाटणं साहजिक आहे. मलाही वाटली होती, फक्त माझ्या वेळी हसायला कुणी नव्हतं.

आता हिट पॉइंट. यावर जरा बसू, कारण इथं दोघांनीही नियम अर्धाच वाचलाय.

फाशावरचा सगळ्यात मोठा आकडा न टाकता मिळतो तो पात्राच्या पहिल्या लेव्हलला, क्लासच्या पहिल्या लेव्हलला नाही. तो तुला कधीच मिळून चुकला आहे, फायटर म्हणून सुरुवात केलीस तेव्हा दहा. दर नव्या क्लासला असा पूर्ण आकडा मिळायला लागला असता तर लोक एक लेव्हल बार्बेरियनची घेऊन बारा खिशात घालायचे आणि पुढच्या दुकानात शिरायचे. तेव्हा तुझी सहाची मागणी गेली.

पण दादानं फासा टाकायला 'लावला', हेही पुस्तकात नाही. पुस्तक म्हणतं, फासा टाक किंवा ठरलेला आकडा घे. ठरलेला म्हणजे सहा बाजूंच्या फाशाला ४, आठला ५, दहाला ६, बाराला ७. वाक्य खेळाडूला उद्देशून आहे, म्हणजे निवड तुझी. खरं तर सहा बाजूंच्या फाशाची सरासरी साडेतीन येते, त्यामुळं ठरलेला आकडा घेणारा अर्ध्या पॉइंटानं फायद्यातच राहतो. तुझं कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा काटकपणा) १४, त्याचे दोन वर. फायटर म्हणून तुझे ३६ झाले होते (१२, मग तीनदा ८, म्हणजे तेव्हा तू ठरलेलाच आकडा घेत होतास!). दादानं त्यात एक अधिक दोन मिळवून ३९ लिहिलेत. तू ४ घेतला असतास तर ४ अधिक २, म्हणजे ४२. गंमत बघ, शीटवर सहाचीच भर पडली असती. तू मागत होतास ते सहा, फक्त दुसऱ्या दारानं.

दादाला इथं एक वाक्य म्हणता येईल: 'एकदा फासा टाकल्यावर मग चार मागायचे नाहीत.' ते बरोबरच आहे. निवड टाकण्याआधी करायची असते. पण तुला निवड दिलीच गेली नाही, एवढं बोलायला जागा आहे. आधीच्या तीन लेव्हलींना चाललं ते पाचवीला का बंद झालं, हे तर विचारच.

हिट पॉइंटांच्या हिशोबात आमचंही घर जळलंय. आमच्या टेबलावर डीएम माझा नवरा. माझा ड्वार्फ फायटर आठव्या लेव्हलला गेला तेव्हा मी कॉन्स्टिट्यूशन १७ चं १८ केलं, म्हणजे मॉडिफायर (त्या गुणामुळं मिळणारी भर) तीनचा चार झाला. आम्ही त्या लेव्हलपुरता एक पॉइंट वाढवला आणि पुढं निघालो. नियम असा आहे, की मॉडिफायर एकनं वाढला की काढलेल्या प्रत्येक लेव्हलला एक पॉइंट मागाहून मिळतो. माझे आठ वाढायला हवे होते. ज्या घावानं ड्वार्फ पडला तो चार पॉइंटांनी जास्त होता. पुढं तीन डेथ सेव्ह (मरता मरता वाचायचे फासे) ओळीनं हुकले. महिन्याभरानं दुसऱ्याच कशासाठी पुस्तक चाळताना मला तो नियम दिसला. नवरा म्हणाला, गेलेला ड्वार्फ परत येत नाही. त्या रात्रीचा स्वयंपाक त्यानं केला. तुझंही कधी १४ चं १६ झालं, तर हे लक्षात ठेव.

आता फोटोतल्या त्या दोन चुका.

पहिली, शीटच्या डाव्या बाजूला प्रॉफिशियन्सी बोनस (येत असलेल्या कामाच्या फाशात पडणारी भर) अजून २ लिहिलाय. तो एकूण लेव्हलवर चालतो. एक ते चारला २, पाच ते आठला ३. तू पाचवर आलास त्या क्षणी तो ३ झाला, क्लास कुठलाही घेतलास तरी. म्हणजे स्ट्रेंग्थ १८ धरून तुझ्या ग्रेटसोर्डच्या वाराचा फासा टाकताना त्यात ६ नाही, ७ मिळवायला हवेत. ज्या सेव्ह आणि स्किलमध्ये तू प्रॉफिशियंट आहेस त्या सगळ्यांत एकेक वाढायला हवा. दोन रविवारांपूर्वीच्या झुंजीत तुझा एखादा वार एकानं हुकला असेल, तर तो हुकलेला नव्हता.

दुसरी अधिक गोड आहे. तुझ्या तीन कँट्रिपांत (हवे तितक्यांदा टाकता येणाऱ्या छोट्या मंत्रांत) फायर बोल्ट आहे आणि समोर एक दहाचा फासा लिहिलाय. कँट्रिपचे फासे पाचव्या, अकराव्या आणि सतराव्या लेव्हलला वाढतात, आणि ही लेव्हल पात्राची एकूण असते. विझार्डची नाही. जादू शिकून चार दिवस झालेल्या तुझ्या फायटरचा पहिलावहिला फायर बोल्ट दोन दहाच्या फाशांचा आहे! सरासरी ११. ग्रेटसोर्डचे दोन सहाचे फासे अधिक ४, त्याचीही सरासरी ११च. तेवढंच नुकसान आता तू १२० फुटांवरून करू शकतोस. इंटेलिजन्स १३ (मल्टीक्लासला, म्हणजे दुसरा क्लास घ्यायला, लागतं तेवढंच, काठावर पास), म्हणून नेमाच्या फाशात भर ४ चीच, तलवारीइतकी नाही. तरी फायरबॉल मागायला गेलेल्या माणसाला एवढं मिळालं तर त्यानं तक्रार करू नये.

आता या सगळ्या चुका शेजारी शेजारी ठेवून बघ. एक्स्ट्रा अटॅक आणि फायरबॉल मागताना तू एकूण लेव्हल लावलीस, जिथं क्लासची लागते. प्रॉफिशियन्सी आणि फायर बोल्ट लिहिताना दादानं क्लासची लेव्हल लावली, जिथं एकूण लागते. दोघांच्या हातात एकेकच पट्टी होती. तू आयर्विनच्या पट्टीनं धरण मोजत होतास, तो टीएमसीत पूल.

माझ्या अनुभवात नियमाचं वाक्य कुठं छापलंय यावरूनच बहुतेक वेळा उत्तर मिळतं. क्लासच्या प्रकरणातल्या तक्त्यात असेल तर क्लासची लेव्हल. एका क्लासपुरतं नसलेलं, सगळ्यांना लागू पडणारं असेल तर एकूण. तक्त्यांत प्रॉफिशियन्सीचा रकाना दर क्लासला पुन्हा छापलाय, तो मात्र फसवा. दादा तिथंच फसला असणार, फायटरच्या चौथ्या ओळीत २ बघून. मल्टीक्लासचे नियम सहाव्या प्रकरणात आहेत, तिथं हे सरळ लिहिलंय.

आणखी एक जागा आहे जिथं पुढं मागं अडखळशील. स्ट्रेंग्थसारखे गुण वाढवायची संधी क्लासच्या लेव्हलवर येते. फायटरला चौथ्या, सहाव्या, आठव्याला; विझार्डला चौथ्या, आठव्याला. एकूण आठवी आली म्हणून आपोआप मिळत नाही. जे लोक दोन-तीन क्लासांत तीन-तीन लेव्हली शिंपडतात, त्यांचं इथं बरंच नुकसान होतं आणि त्यांना ते वर्षभरानं कळतं. दोन जादूवाले क्लास एकत्र केले तर स्लॉटांचा हिशोब वेगळा असतो, पण तुझा फायटर चॅम्पियन या बिनजादूच्या शाखेचा आहे, त्यामुळं ती डोकेदुखी तुला नाही.

तुमच्यापैकी कुणी फोनवर २०२४ चं पुस्तक उघडून बसत असेल, तर ते आधी बंद करायला लावा. त्यात सगळ्यांचे सबक्लास (क्लासच्या शाखा) तिसऱ्या लेव्हलला गेलेत आणि फायटरच्या ॲक्शन सर्जमधून मिळणारी जादा ॲक्शन स्पेलसाठी वापरता येत नाही. तुमच्या २०१४ च्या पुस्तकात अशी आडकाठी नाही. दोन्ही चांगली, पण एका ताटात वाढू नयेत.

आता 'डीएमचा शब्द शेवटचा'. आहेच तो. एक गोष्ट तुझ्या ध्यानात आली नसेल: २०१४ च्या पुस्तकात मल्टीक्लास हा मुळात ऐच्छिक नियम आहे. डीएमनं परवानगी दिली तरच. दादानं तुला कटकट न करता विझार्ड घेऊ दिला, हेच त्याचं मोठेपण. डीएमच्या पुस्तकात असाही एक ऐच्छिक नियम आहे, की पाचव्या लेव्हलला जायला २० दिवस तालीम करायची आणि ४० सोन्याची नाणी मोजायची. तेही त्यानं मागितलं नाही. मला विचारशील तर मी मागितलं असतं. कारण तुझ्या पत्रात सगळे नियम आहेत, पण तुझ्या तलवारबहाद्दराला जादू शिकवली कुणी, मंत्रांची पोथी कुठून आणली, याबद्दल अक्षर नाही. काल तालमीत होता आणि आज मंत्र म्हणतोय. दादाच्या हसण्यात थोडं तेही असेल.

पण शेवटचा शब्द असणं वेगळं आणि वाचताना चुकणं वेगळं. दादा म्हणाला, 'पुस्तकात ३ आहे, पण आपल्या टेबलावर मी २ ठेवणार', तर तो त्याचा अधिकार, फक्त ते सगळ्यांना आधी सांगायला हवं आणि सगळ्यांना सारखं लागायला हवं. त्यानं ३ वाचलंच नसेल, तर तो निर्णय नाही, ते निव्वळ राहून गेलंय, आणि राहून गेलेलं कुणीही दाखवून द्यावं. सांगलीकराला हे मी काय सांगावं? विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये तुमच्याच गावात पहिला खेळ केला तेव्हा नटांना लिहिलेले संवाद नव्हते. सूत्रधार पदं म्हणून कथा पुढं न्यायचा आणि नट आपापलं बोलणं तिथल्या तिथं रचायचे. गच्चीवर तुम्ही तरी दुसरं काय करता? त्या मांडणीत सूत्रधाराचं पद चुकलं तर नटानं प्रेक्षकांसमोर वाद घालायचा नसतो. पडदा पडल्यावर मात्र सांगायचं असतं.

तासगावच्या गड्याबद्दल थोडं कडू बोलते. ऑक्टोबरची फळछाटणी झाली आणि हवा ढगाळ पडली की द्राक्षावर डाऊनी ही रोगराई येते. ती रविवार बघत नाही. ब्लोअर जोडलेला ट्रॅक्टर सोडून तो गच्चीवर फासे टाकायला यावा, अशी तुझी अपेक्षा नसेल. डीएमच्या पुस्तकात दोन्ही रीती दिल्यात: गैरहजर खेळाडूला एक्सपी द्यायचे नाहीत, किंवा सगळे एकाच लेव्हलवर राहावेत म्हणून सारखे द्यायचे. दोन-तीन लेव्हलींचा फरक पडला तरी खेळ बिघडत नाही, असंही तिथंच म्हटलंय. पुस्तक कुणाचीच बाजू घेत नाही, निवड डीएमवर सोडतं. मी सारखेच देते. आमच्याकडे एकीला परीक्षा असते, एकाची शिफ्ट असते. मागं राहिलेला माणूस हळूहळू यायचाच बंद होतो.

एकच गोष्ट दादाला विचार. हिशोब कसा केला? १,००० एक्सपीची झुंज तुम्ही चौघांनी लढलात, तर दरडोई २५०, आणि मग त्यालाही २५० दिले, तर तुझ्या वाट्याचं काही गेलं नाही. पण १,००० पाचांत वाटून प्रत्येकाला २०० दिले असतील, तर तुमच्या चौघांच्या ताटातले पन्नास-पन्नास काढून त्याला वाढलेत. पहिली रीत बरी.

आणि हो, तू स्वतः दोन रविवार गेला नाहीस. तुझा नियम चालवायचा तर तुझे त्या दोन रविवारांचे एक्सपी शून्य. तासगावकरानं निदान बाग फवारली.

येत्या रविवारी खेळ सुरू व्हायच्या तासभर आधी जा, बाकीचे यायच्या आत. हे उत्तर फोनवर दाखवू नकोस. मावसभावाला बाहेरच्या बाईचं पत्र वाचायला देणं म्हणजे त्याच्या हसण्यावर उतारा नव्हे, दुसरा हशा. पुस्तकच उघड. आधी तुझं कबूल कर: 'दादा, एक्स्ट्रा अटॅक आणि फायरबॉल मी चुकीचं वाचलं.' मग सहावं प्रकरण काढ आणि म्हण, 'प्रॉफिशियन्सी आणि फायर बोल्ट एकदा बघतोस का? मला ते एकूण लेव्हलचं वाटतंय.' आधी आपलं चुकलेलं सांगितलं की समोरच्याला त्याचं बघायला वेळ लागत नाही. हिट पॉइंट सगळ्यात शेवटी काढ, कारण तिथं त्याच्याकडेही बोलायला मुद्दा आहे. त्यानं ३९च ठेवले तर ठेव. झालेल्या झुंजी परत खेळायला मात्र सांगू नकोस, मी माझ्या ड्वार्फसाठी सांगून बघितलंय.

तुझ्या पोथीत पहिल्या लेव्हलचे सहा स्पेल बसतात, आणि फोटोत ती जागा कोरी दिसली. इंटेलिजन्स १३ असताना शत्रूनं सेव्ह टाकायचे स्पेल घेऊ नकोस, त्यातले निम्मे वाया जातील. शील्ड घे, ऐन वेळी आर्मर क्लास (तुला वार लागायला शत्रूनं गाठायचा आकडा) पाचनं वाढतो आणि त्यात बुद्धीचा काही संबंध येत नाही. मॅजिक मिसाइल घे, ती चुकतच नाही. रोज तयार ठेवता येतात दोनच (विझार्डची एक लेव्हल अधिक मॉडिफायरचा एक), ते हेच. बाकी चारांत फाइंड फॅमिलिअर आणि डिटेक्ट मॅजिक टाक. ते रिच्युअल (सावकाश विधीनं करता येणारे) असल्यानं तयार न ठेवताही पोथीतून वाचून करता येतात. राहिलेले दोन आवडीचे. चिलखत काढायची गरज नाही, तुला ते घालता येतं म्हणजे त्यातून मंत्रही म्हणता येतो. ग्रेटसोर्ड दोन हातांची असली तरी वार करतानाच दोन हात लागतात, एरवी एक हात मंत्राच्या खुणेला मोकळा.

फायरबॉलचा हिशोबही करून ठेवलाय. फायटर चारवरच थांबवून इथून सगळ्या लेव्हली विझार्डच्या घेतल्यास तर विझार्डची पाचवी म्हणजे तुझी एकूण नववी, ४८,००० एक्सपी. तुमच्या गच्चीच्या वेगानं तोवर तासगावच्या दोन-तीन छाटण्या सहज होतील.